पिंपळापर्यंतचं पाणी

७ ऑक्टोबर २०१८, रविवार

फॅक्टरीत शिफ्ट संपताना दोन ओळी लिहून ठेवायची सवय आहे. घरी कधी लिहिलं नव्हतं. आजपासून लिहीन, कारण पिपरहातालचं, म्हणजे कॉलनीजवळच्या तळ्याचं, काम मी अंगावर घेतलं आहे, आणि उद्या कोणी म्हणू नये की गजघाटे हवेत बोलले.

झालं असं. तालाच्या पूर्वेच्या काठावर विष्णू भैयाचं मॅरेज गार्डन आहे. पाच-सहा वर्षं भिंतीच्या आत होतं. आता त्यांना गाड्या उभ्या करायला जागा पाहिजे, म्हणून काठावर भराव टाकून सिमेंट करायची परवानगी मागितली आहे. नोटीस गार्डनच्याच गेटवर चिकटवलेली, फुलांच्या कमानीमागे, कोणाला दिसू नये अशी. मला दिसली. महिनाभरात हरकत घ्यायची आहे. मुरुमाचे ढीग मात्र आत्ताच येऊन पडले.

माझी बायको बेबी म्हणाली, "तुम्हालाच काहून पडली? कॉलनीत बाकीचे लोक राहून राहिले ना."

बाकीचे राहतात, पण वाचत नाहीत. मी दहावी शिकलो आणि अप्रेंटिस म्हणून फॅक्टरीत लागलो. पुढचं सगळं स्वतः शिकलो, इंग्रजीसुद्धा. आज खमरियाच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये माझी सही झाल्याशिवाय माल पुढे जात नाही. पाणथळ जागांचे नियम मुलीने, लतिकाने, भोपाळहून मोबाईलवर पाठवले आहेत. डिक्शनरी घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत अर्धे झाले.

१४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तालावर गेलो. कलावती आधीच येऊन काठावर उभी होती.

कलावती म्हणजे सुखराम बर्मनची बायको. हे लोक पिढ्यान् पिढ्या पिपरहातालात शिंगाडा लावतात. ती स्वतः साकोलीकडची ढिवराची मुलगी, माझ्या आईच्या गावापासून दोन कोसांवरची. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी काठावर कोणालातरी मराठीत रागावलो आणि ही पाण्यातून ओरडली, "भाऊ, तुमी आपल्याकडचे का?" तेव्हापासून भाऊ. तोडणी सुरू झाली की पहिली टोपली आमच्या घरी येते. इतरांना ती तागडीत तोलून देते, पारडं चांगलं खाली गेलं तरी वरून एक मूठ टाकते. आम्हाला तोलतच नाही, डब्यात ओतते.

मी म्हणालो, "पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं, ते नक्की दाखव."

ती चालत चालत गार्डनच्या भिंतीपाशी गेली. तिथे जुना पिंपळ आहे, त्याच्या मुळ्या अर्ध्या मुरुमाखाली गेल्या. "इथवर. माझं लग्न झालं त्या साली तर पाराला लागलं होतं. सासू इथं बसून पाय धुवे."

मी मुळीवर खडूची खूण केली. फोटो घेतले.

सुखराम पाण्यात होता. दोन मडकी उलटी बांधून त्यावर छातीनं झोपतो आणि हातानं वेल उचलून शिंगाडे खुडतो. इतकी वर्षं पाण्यात राहून पायाची चामडी पांढरी झाली आहे. तिथूनच म्हणाला, "भैयाजी, हमारे साले साहब तो कलेक्टर हो गए." कलावती हसली.

मग तिनं विचारलं, "भराव पडला तर आमचा कोपरा जाईन ना भाऊ? वेल तिथंच चांगला धरते. या तालावरच आमचं सारं आहे."

मी म्हणालो, पडणार नाही.

नियमाप्रमाणे सगळी माहिती पाहिजे म्हणून मी वेलाबद्दलही विचारलं. पाटबंधारे खात्याचा पट्टा, म्हणजे लेखी करार, आहे का? होता, संपला. तीन साल झाले, नवीन करून देऊन नाही राहिले, पण कोणी उठवतही नाही. दवाई? "पानावर किडा पडला का मारावी लागते न थोडीशी. तुमाले म्हणून सांगतो." बायका स्वतःला 'सांगतो' म्हणतात ती आपल्याकडचीच बोली. ऐकून आईची आठवण झाली.

१६ ऑक्टोबर

नियम वाचून झाले. चांगले लिहिलेले आहेत. काय चालेल, काय चालणार नाही, हे स्पष्ट. पक्कं बांधकाम नाही, भराव नाही, घाण पाणी नाही, काठापासून ठरावीक अंतरात काही नाही. फक्त एक शब्द खटकला. 'वाईज यूज.' शहाणपणानं वापर. आता शहाणपण कशानं मोजायचं? आमच्याकडे माप तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मधे तिसरं काही नसतं. तो शब्द मी बाजूला ठेवला.

२१ ऑक्टोबर, रविवार

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. परतताना तिलवाऱ्याच्या पुलावर बस बराच वेळ अडकली. खाली नर्मदा पाहत हरकतीचा मसुदा डोक्यात पक्का केला.

संध्याकाळी पानठेल्यावर विष्णू भैया भेटले. मोटारसायकलवरून उतरून स्वतः आले. आवाज न चढवता बोलतात, हे मानलं पाहिजे.

"गजघाटेजी, सुना है आप हमारे खिलाफ लिख रहे हैं."

"खिलाफ नहीं, नियम से."

"अच्छा है. नियम होना चाहिए." त्यांनी माझ्या पानाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, मी देऊ दिले नाहीत. "बस एक बात बताइए. नियम सब पर लगेगा, कि बहनजी को छूट है? मोहल्ला तो कहता है हर साल टोकनी आती है आपके यहाँ."

ठेल्यावरचे लोक हसले. मी म्हणालो, "गजघाटे के यहाँ किसी को छूट नहीं."

"यही सुनना था," म्हणाले आणि निघून गेले.

घरी येईपर्यंत कान तापलेले होते. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर कोणी चहाचा कप ठेवू शकलं नाही.

२४ ऑक्टोबर

आज टोपली आली.

मी ड्यूटीवरून येऊन पाय धूत होतो. कलावती दारात. शिंगाडे अजून ओले, हिरवे-लाल, वर कमळाचं पान झाकलेलं. बेबी डबा आणायला आत वळली. मी म्हणालो, "नको."

कलावतीला वाटलं मी गमतीनं म्हणालो. "कोवळे आहेत भाऊ. लतिका आली का उकडून दे तिले."

मी समजावून सांगितलं. हे प्रकरण चालू आहे तोवर मी अर्जदार आहे. अर्जदारानं तालातली कुठलीही वस्तू घेणं बरोबर दिसत नाही. राग नाही, फक्त पद्धत आहे.

ती म्हणाली, "पद्धत आहे तर राहू द्या." टोपली डोक्यावर ठेवली. पान खाली पडलं ते तिनं उचललं नाही.

जेवताना बेबी एवढंच म्हणाली, "माहेरचा माणूस म्हणून आणते ती. तुम्ही अर्जदार कधीपासून झाले तिचे?"

भावनेनं बोलते. सुनावणीत असं चालत नाही.

३० ऑक्टोबर

पाणथळ जागांच्या समितीकडे हरकत दाखल केली. नऊ पानं, स्वतःच्या अक्षरात, खाडाखोड नाही. बाबू म्हणाला टाईप करून आणा. मी म्हणालो नियमात टाईपची अट दाखवा. त्यानं घेतलं.

२२ डिसेंबर

निवडणुका होऊन गेल्या, आता तारीख लागली. जानेवारीत सुनावणी. पाणी कुठपर्यंत येतं याचा साक्षीदार पाहिजे. कलावतीला सांगायला मी स्वतः गेलो. टोपलीनंतर पहिल्यांदाच.

तिनं मनात काही ठेवलेलं दिसलं नाही. खाट टाकली, चहा केला. सुखराम म्हणाला, "अब तो चाय पी सकते हैं, कि ये भी ताल की है?" मी प्यायलो. पाणी नळाचं होतं.

"काय बोलू मी तिथं?" कलावती म्हणाली.

"जे खरं आहे तेच. पाणी पिंपळापर्यंत येतं."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं मी बोलतो."

"मग झालं. तुमी बोललात का बस." आणि आत सुनेला म्हणाली, "मामा बोलेंगे वहाँ, चिंता नको."

१७ जानेवारी २०१९, गुरुवार

सुनावणी झाली. जसं झालं तसंच लिहितो.

कलावतीनं जांभळी साडी नेसली होती, लग्नातली असावी, घडीची रेघ दिसत होती. आम्ही एकाच ऑटोनं गेलो. समितीचे मोठे साहेब मधे, बाजूला तीन जण. विष्णू भैया वकील घेऊन आलेले. मी वकील घेतला नाही, गरज नव्हती.

आधी कलावती. साहेबांनी विचारलं, पानी कहाँ तक आता है? ती उभी राहून म्हणाली, "पीपल तक आता है साहब. मेरी सास वहीं पैर धोती थी." स्पष्ट बोलली. मी फोटो पुढे केले. खडूची खूण, मुळ्या, मुरुम. वकिलानं म्हटलं की पिंपळ गार्डनच्या हद्दीत आहे. मी म्हणालो, झाड कोणाच्या हद्दीत आहे हा प्रश्न नाही, पाणी कुठवर आहे हा प्रश्न आहे. साहेब हसले. तिथेच कळलं की काम झालं.

मग वकिलानं शेवटचं विचारलं. "सर, अगर ताल संरक्षित है, तो सिंघाड़े का धंधा किस परमिशन से चल रहा है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस आहे. म्हणाले, "ये तो पुराना काम है. पारंपरिक उपयोग में लिख देते हैं. आपको आपत्ति तो नहीं, गजघाटेजी?"

विष्णू भैया माझ्याकडे पाहत होते. हसत नव्हते, नुसते पाहत होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, नियम सबके लिए एक होना चाहिए. इनका पट्टा तीन साल से नहीं है. पानी में दवा भी पड़ती है. पहले लिखित अनुमति हो, फिर उपयोग हो."

खोलीत पंखा नव्हता, तरी कागद हलल्यासारखं वाटलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि कलावतीकडे पाहिलं. "ये आपकी ही गवाह हैं न?"

"जी सर."

"सोच लीजिए."

"सोचकर ही कहा है सर."

त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी कलावतीला सांगितलं की घाबरू नको, अनुमतीचा अर्ज मी स्वतः लिहून देईन, आता सगळं पक्कं होईल, कोणी बोट दाखवू शकणार नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "मले बाजारात काम आहे भाऊ. तुमी जा." मी एकटाच ऑटोनं आलो.

बेबीला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि गॅस बंद करून गॅलरीत जाऊन बसली.

आज मी स्वतःवर समाधानी आहे. एवढं सांभाळून, कोणाची बाजू न घेता बोलणं सोपं नसतं.

१२ फेब्रुवारी

आदेश आला. भराव नामंजूर. मुरुम काढून न्यायचा, तोही गार्डनच्या खर्चानं. पाण्याची हद्द पिंपळापर्यंत धरली. पुढील आदेशापर्यंत तालात कुठलाही व्यावसायिक उपयोग नाही.

कॉलनीतल्या लोकांनी हार घातला. पेपरात फोटो आला, नाव बरोबर छापलं होतं, 'घाटे' नाही केलं.

विष्णू भैया मिठाईचा डबा घेऊन घरी आले. मी डबा घेतला नाही, पण बसा म्हटलं. "हारे हैं, पर आदमी से हारे हैं," म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. जाताना म्हणाले, बोर्ड चांगला मोठा लावा, पैसे कमी पडले तर सांगा. "और हाँ, ताल एकदम खाली रहना चाहिए अब. कोई उतरे नहीं. नहीं तो फिर वही गड़बड़."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. बोर्डाचा मजकूर मीच करणार.

२० मार्च, बुधवार

सकाळी बोर्ड लागला. लोखंडी, निळा, पांढरी अक्षरं. पेंटरनं 'संरक्षित' शब्द दोनदा चुकवला, दोनदा पुसून घेतला. मजकूर असा:

पिपरहा ताल संरक्षित क्षेत्र है. पानी में उतरना मना है. पानी से कुछ निकालना मना है. तट पर कुछ भी डालना मना है.

चार ओळी, एकही शब्द जास्त नाही. समितीनं एक चौकीदारही दिला आहे, शिट्टीसकट.

संध्याकाळी विहारात महाडच्या सत्याग्रहाचा कार्यक्रम होता. चौकात होळीची लाकडं रचलेली, त्या गडबडीतही सत्तर-ऐंशी लोक आले. दरवर्षीप्रमाणे मीच बोललो. चवदार तळ्याच्या काठावर हजारो माणसं कशी गेली, ओंजळ कशी भरली, तळं सगळ्यांचं असूनही ज्यांना उतरू दिलं नव्हतं त्यांनी त्या दिवशी पाण्याला हात लावला. पार्वताबाई पुढे बसून डोळे पुसत होत्या.

रात्री जेवणाआधी लतिकाचा फोन. मी तिला बोर्डाचा फोटो पाठवला होता. भाषणाचंही सांगितलं.

"पप्पा, ये बोर्ड आपने लिखवाया? उतरना मना है?"

"हो. पूर्ण मीच."

"आजच लावला?"

"आजच."

ती मराठीत क्वचित बोलते. आज बोलली, 'आजच लावला' एवढंच, आणि मग म्हणाली नेटवर्क नाही.

९ जून

रोपं टाकायची वेळ झाली. हे मला माहीत नव्हतं, कलावती आली म्हणून कळलं. शिंगाड्याची रोपं पोरांसारखी डबक्यात वाढवतात आणि मृगानंतर तालात नेऊन पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबतात. रोपं तयार आहेत, ताल बंद आहे.

मी अर्ज फेब्रुवारीतच लिहून दिला होता, चांगला लिहिला होता. तिला विचारलं, काय झालं?

"गेलो होतो तिकडं. ते म्हणते बोर्ड पहा. बोर्डावर लिहिलं आहे मना."

"बोर्ड म्हणजे आदेश नाही. त्यांना सांग, अनुमतीची तरतूद आहे."

"मी सांगू?" ती म्हणाली. "भाऊ, तुमी चला न एक डाव. तुमी बोललात तर ऐकतील. त्या दिवशी ऐकलं होतं ना."

आमच्याकडे ऑडिट चालू आहे. महिनाअखेर जाऊ म्हणालो. ती मान हलवून गेली.

३० जून

गेलो. ते साहेब बदलून गेले. नवीन आलेल्यांनी फाईल काढली आणि मलाच माझं वाक्य वाचून दाखवलं. 'पहले लिखित अनुमति हो, फिर उपयोग हो.' म्हणाले, "बात तो सही लिखी है. अनुमति के लिए नई नीति बनेगी. तब तक रुकिए."

माझंच वाक्य होतं, मला त्यात चूक काढता आली नाही.

कलावतीकडे सांगायला गेलो तर सुखराम दारात बसला होता. डबक्यातली रोपं बाहेर काढून वाळत घातलेली, गुरांसाठी. "कोई बात नहीं भैयाजी," म्हणाला. पुढे गंमत केली नाही.

१८ ऑगस्ट

तालात जलकुंभी आली आहे. आपल्याकडे जलपर्णी म्हणतात ती. गार्डनच्या कोपऱ्यात सुरुवात झाली. जांभळी फुलं, दिसायला चांगली. लोक फोटो काढत होते.

१५ सप्टेंबर

अर्ध्याहून जास्त ताल झाकला. मी तीन पत्रं पाठवली. सफाई झालीच पाहिजे. संरक्षण म्हणजे बोर्ड लावून मोकळं होणं नाही, असंही एकात लिहिलं.

बेबीला म्हटलं, "एवढ्या वर्षांत कधी आली नाही, यंदाच काहून आली?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मी मुद्दाम विचारतो आहे. मग म्हणाली, "दरवर्षी काढत होते ना लोक. वेल लावायच्या आधी." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

हे मी नऊ पानांत कुठेही लिहिलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

विष्णू भैया पानठेल्यावर भेटले. म्हणाले, "गजघाटेजी, सर्वे वाले आ रहे हैं. देखेंगे कि ये ताल है भी कि नहीं. अब इसमें पानी दिखता कहाँ है?" आवाज नेहमीसारखाच खालचा.

मी तसाच तालावर गेलो. पाणी दिसत नव्हतं, हिरवं शेत झालेलं. वास येत होता. मुरुम काढलेली पिंपळाची मुळी उघडी पडली होती, माझी खडूची खूण पावसानं केव्हाच गेली. मी चपला मुळीवर काढल्या, पॅन्ट वर खोचली आणि उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं काठावरच उभा होतो हे आज ध्यानात आलं. चिखल नडगीपर्यंत घेतो. एक जलकुंभी धरून ओढली. वर मूठभर पानं आणि खाली काळ्या मुळ्यांची झिपरी. निघाली. दुसरी ओढली.

शिट्टी वाजली.

चौकीदार नवीन मुलगा आहे, मला ओळखत नाही. "अंकल, बाहर आइए. बोर्ड नहीं पढ़ा?"

"वो बोर्ड मैंने ही लगवाया है."

"तो फिर आपको तो मालूम होगा."

हातात दोन जलकुंभी होत्या. काठावर टाकायला गेलो तर म्हणाला, "तट पर मत डालिए अंकल, वो भी लिखा है." बरोबर, लिहिलं आहे. परत पाण्यात टाकायला हात होईना. मुळ्यांमधून पाणी गळत होतं, पॅन्टवर, पायावर. मी तिथेच उभा होतो. काठावर दोन-चार लोक जमले. कोणी हसलं नाही, मला वाटतं ते मला ओळखत होते.

शेवटी तशाच घरी घेऊन आलो. बेबीनं दार उघडलं, हातातलं पाहिलं आणि काही न विचारता बादली पुढे केली.

१६ ऑक्टोबर

समितीला नवीन अर्ज लिहायला बसलो. शिंगाडा लावणाऱ्यांना पारंपरिक उपयोग म्हणून तातडीनं मुभा द्यावी, असा. तो बाजूला ठेवलेला शब्द पुन्हा काढला, वाईज यूज. डिक्शनरीत पाहिला, तिथे काही वेगळं नव्हतं.

अर्ज घेऊन कलावतीच्या घरी गेलो, अंगठा नको, सही घ्यावी म्हणून. सही तिला येते. सून म्हणाली, अम्मा घरी नाही. कुठे गेली, ते तिनं सांगितलं नाही. अर्ज मी एकट्यानंच सही करून दिला. बाबूनं या वेळी टाईपचं विचारलं नाही. म्हणाला, "सर्वे के बाद देखेंगे."

७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशी. आम्ही पाळत नाही, पण बाजारात ऊस आणि शिंगाडे आले की वर्ष कळतं. बेबीनं चादरीचं कापड सांगितलं होतं म्हणून बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेलो.

कापड घेऊन निघालो तर कोपऱ्यावर उसाच्या जुड्यांच्या शेजारी कलावती. जमिनीवर पोतं, समोर ढीग, हातात तागडी. बोटं नेहमी शिंगाड्यानं काळी असायची, आज स्वच्छ होती. शिंगाडे तिनं खुडलेले नव्हते.

मी पुढे जाऊन बसलो. तिनं मान वर करून पाहिलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं.

"कुठचे आहेत?" मी विचारलं.

"सिहोऱ्याचे. मंडीतून आणतो."

"सुखराम बरा आहे?"

"बरे आहेत. घरीच राहते आता."

मी अर्जाचं सांगितलं. सर्व्हेनंतर नक्की होईल, मी पाठ सोडणार नाही. ती ऐकत होती, मधेच एका बाईला भाव सांगितला, पुन्हा माझ्याकडे वळली. "हो," म्हणाली.

मी म्हणालो, "एक किलो दे."

तिनं एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात शिंगाडे घालत गेली. पारडं खाली गेलं. मी वाट पाहत होतो, वरून मूठ पडेल म्हणून. हात तसाच अधांतरी राहिला होता तिचा. मग तिनं पारड्यातला एक शिंगाडा उचलला, परत ढिगात ठेवला. आणखी एक उचलला. काटा अगदी मधोमध आला आणि थांबला. दोन्ही बाजू सारख्या.

तिनं तागडी माझ्यासमोर धरली, मला नीट दिसेल अशी.

"पाहून घ्या साहेब," ती म्हणाली.

घरी आलो. बेबीनं पिशवीत हात घातला. एक शिंगाडा काढून उलटसुलट पाहिला. "तालातले नाहीत."

"सिहोऱ्याचे आहेत."

"कोणाकडून घेतले?"

मी सांगितलं. तिनं शिंगाडे धुवायला घेतले, मग विचारलं, "काही बोलली?"

मी म्हणालो, वजन बरोबर आहे.